परवाना कुणाच्या हातात? अमेरिकेतील राज्याराज्यांचे बंदूक-कायदे आणि आपण



अमेरिकेत बंदूक भाजीपाल्यासारखी मिळते, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. हे अर्धसत्य आहे. काही राज्यांत ती खरोखरच तासाभरात हातात पडते, आणि काही राज्यांत तीच बंदूक जवळ सापडली म्हणून माणूस काही वर्षे तुरुंगात जाऊ शकतो. देश एक, संविधान एक, बंदूक तीच; पण राज्याची सीमा ओलांडली की कालचा कायदेशीर माणूस आज गुन्हेगार ठरतो. पहिल्यांदाच बंदूक घेणारा सामान्य अमेरिकन नागरिक या कायद्यांपुढे गोंधळून जातो. हा गोंधळ नेमका काय आहे, तो कुठून आला आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे आंबेडकरी तरुणांनी समजून घ्यावे असे आम्हाला वाटते. कारण या इतिहासाच्या मुळाशी 'लायक माणूस कोण आणि ते ठरवणार कोण' हा प्रश्न आहे. हा प्रश्न आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचा आहे.

आजची गुंतागुंत

आधी आजची स्थिती पाहू. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदवला आहे. त्याखाली केंद्राचे कायदे आहेत. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला २१ वर्षे आणि रायफल किंवा शॉटगन घ्यायला १८ वर्षे वय लागते. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना बंदूक ठेवता येत नाही. १९९३ च्या ब्रॅडी कायद्याने दुकानातून खरेदी करणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणे बंधनकारक केले. एवढे देशभर सारखे आहे.

त्यावर प्रत्येक राज्याचा वेगळा थर चढतो. इलिनॉयमध्ये बंदूक किंवा काडतुसे जवळ ठेवायची तर आधी राज्य पोलिसांचे ओळखपत्र हवे. कॅलिफोर्नियात आधी सुरक्षा-परीक्षा द्या, बंदूक निवडा आणि मग १० दिवस थांबा. न्यू जर्सीत लांब बंदुकीसाठी एक ओळखपत्र आणि प्रत्येक पिस्तुलासाठी स्वतंत्र परवानगी लागते. टेक्सासमध्ये मात्र १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र प्रौढ व्यक्ती परवान्याशिवाय पिस्तूल अंगावर बाळगून फिरू शकते. व्हरमाँट राज्याने तर असा परवाना कधी मागितलाच नाही. मॅगझीनमध्ये किती गोळ्या चालतील, गाडीत बंदूक कुठे ठेवायची, पोलिसाने अडवले तर आपण होऊन सांगायचे की विचारल्यावर सांगायचे, या प्रत्येक गोष्टीचे उत्तर राज्यागणिक बदलते.

सगळ्यात मोठा सापळा परवान्याचा आहे. गाडी चालवण्याचा परवाना देशभर चालतो, लग्नाची नोंद देशभर चालते. बंदूक बाळगण्याचा एका राज्याचा परवाना दुसरे राज्य मानेलच असे नाही. वाटेत आडवे येणारे राज्य ओलांडण्यासाठी १९८६ च्या केंद्रीय कायद्यात संरक्षण आहे, पण त्यालाही अटी आहेत. बंदुकीतून गोळ्या काढलेल्या असाव्यात, ती आणि गोळ्या गाडीत हाताला लागणार नाहीत अशा ठेवलेल्या असाव्यात, आणि निघण्याच्या व पोहोचण्याच्या दोन्ही ठिकाणी ती बाळगणे कायदेशीर असावे.

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्या मुलामुलींनी आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. एफ-१, एच-१बी अशा तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला केंद्राच्या कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणे यासारखे मोजकेच अपवाद आहेत. 'मित्राची बंदूक आहे, मैदानावर दोन गोळ्या झाडून बघू' ही गंमत खटल्यापर्यंत आणि व्हिसा जाण्यापर्यंत पोहोचू शकते. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई नाही, पण राज्याचे नियम त्यालाही चुकत नाहीत.

गोंधळाची किंमत कोण मोजतो?

२०१३ साली फिलाडेल्फियातील एक कृष्णवर्णीय तरुणी, दोन मुलांची एकटी आई, गाडीने शेजारच्या न्यू जर्सी राज्यात गेली. तिच्याकडे तिच्या पेनसिल्व्हेनिया राज्याचा रीतसर परवाना होता. वाहतुकीच्या साध्या कारणावरून पोलिसाने गाडी थांबवली, तेव्हा तिने आपण होऊन सांगितले की माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हा परवाना. न्यू जर्सी तो परवाना मानत नाही हे तिला माहीत नव्हते. तिला अटक झाली, आणि साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या किमान शिक्षेची टांगती तलवार तिच्या डोक्यावर आली. प्रकरण गाजले, लोकांनी आवाज उठवला, तेव्हा कुठे २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली.

२०१६ च्या जुलैमध्ये मिनेसोटा राज्यात फिलँडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय तरुणाची गाडी अडवण्यात आली. त्याच्याकडेही परवाना होता, तोही त्याच्याच राज्याचा. आपल्याजवळ बंदूक आहे हे त्याने पोलिसाला शांतपणे सांगितले. पोलिसाने त्याला गाडीत बसल्या जागी गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला. पहिल्या घटनेत कायदा माहीत नव्हता म्हणून शिक्षा समोर आली. दुसऱ्या घटनेत कायदा तंतोतंत पाळूनही जीव गेला. केवळ 'नियम वाचा आणि पाळा' एवढा सल्ला देऊन भागत नाही. नियम कुणाच्या अंगावर कसा पडतो हे बघायचे तर मागे जावे लागते.

काठीसुद्धा नको

अमेरिका हे संघराज्य आहे, राज्यांना कायदे करण्याचा अधिकार आहे, म्हणून विविधता आहे, असे पाठ्यपुस्तकी उत्तर दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे.

व्हर्जिनिया ही इंग्रजांची वसाहत होती तेव्हाच, १६८० साली, तिथे कायदा झाला की कृष्णवर्णीयाने बंदूक, तलवार तर सोडाच, साधा सोटा किंवा काठीही स्वसंरक्षणासाठी बाळगू नये, आणि मालकाच्या चिठ्ठीशिवाय गुलामाने त्याच्या जमिनीबाहेर पाऊल टाकू नये. हत्याराची बंदी आणि फिरण्याची बंदी एकाच कायद्यात! ज्यांच्या वाडवडिलांच्या येण्याजाण्याच्या वाटा गावाने ठरवून दिल्या, त्यांना या दोन बंद्यांचे नाते समजावून सांगायची गरज नाही.

पुढे स्वतंत्र अमेरिकेत टेनेसी राज्याच्या १७९६ च्या संविधानाने शस्त्राचा हक्क 'स्वतंत्र पुरुषां'ना दिला होता. १८३४ मध्ये ते शब्द बदलून 'स्वतंत्र गोरे पुरुष' असे करण्यात आले. एक विशेषण वाढले आणि एक समाज हक्काबाहेर गेला. १८५७ च्या कुप्रसिद्ध ड्रेड स्कॉट निकालात सरन्यायाधीश टॅनी यांनी कृष्णवर्णीयांना नागरिक का मानता येणार नाही याची कारणे देताना भीती व्यक्त केली की, नागरिक मानले तर ते कुठेही जातील, सभा घेतील आणि शस्त्रेही बाळगतील. सत्ताधारी वर्गाला नागरिकत्व म्हणजे काय ते नेमके कळलेले होते.

यादवी युद्धानंतर गुलामी संपली. पण नोव्हेंबर १८६५ मध्येच मिसिसिपी राज्याने कायदा केला की, सैन्यात नसलेल्या आणि काउंटीच्या पोलीस मंडळाचा परवाना नसलेल्या मुक्त कृष्णवर्णीयाने बंदूक, दारूगोळा किंवा मोठा सुरा बाळगू नये. इथे 'परवाना' हा शब्द आला आहे हे नीट पाहा. सरसकट बंदी घालायची लाज वाटू लागली की परवाना येतो. परवाना देणारे मंडळ कालच्या मालकांचेच होते.

१८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने सर्वांना कायद्याचे समान संरक्षण दिले. आता गोऱ्या-काळ्यांसाठी वेगळा कायदा उघडपणे लिहिणे अशक्य झाले. तेव्हा दोन वाटा काढल्या गेल्या. पहिली वाट न्यायालयाची. १८७३ मध्ये लुईझियानातील कोलफॅक्स येथे सशस्त्र गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांचे हत्याकांड केले. शरण आलेल्यांनाही सोडले नाही. त्यातून उभ्या राहिलेल्या क्रुकशँक खटल्यात १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दुसरी घटनादुरुस्ती फक्त केंद्रावर बंधन घालते. आरोपी सुटले, आणि कृष्णवर्णीयांचे रक्षण त्यांच्यावर अन्याय करणाऱ्या राज्यांवरच सोपवले गेले. राज्याराज्यांच्या कायद्यांतील आजच्या विविधतेला ही रक्ताळलेली पार्श्वभूमी आहे.

दुसरी वाट शब्दांची. कायद्यात जात-वर्ण लिहायचा नाही, फक्त 'योग्य व्यक्ती', 'चांगले चारित्र्य', 'पुरेसे कारण' असे शब्द लिहायचे आणि निर्णय स्थानिक अधिकाऱ्यावर सोडायचा. फ्लोरिडात १८९३ मध्ये ठराविक रायफलींसाठी काउंटीचा परवाना आणि १०० डॉलरचा जामीन सक्तीचा झाला. कागदावर हा कायदा सर्वांसाठी होता. १९४१ मध्ये एका खटल्यात त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्युफर्ड यांनी आपल्या मतात उघड लिहून टाकले की, हा कायदा कृष्णवर्णीय मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी केला होता, गोऱ्यांना तो लावायचा उद्देश कधी नव्हताच आणि प्रत्यक्षात तो लावलाही गेला नाही. मनुवादी व्यवस्थेची कबुली इतक्या स्पष्ट शब्दांत आपल्याकडे क्वचितच मिळते!

न्यू यॉर्कचा सलिव्हन कायदा १९११ चा. पिस्तुलाचा परवाना पोलिसांच्या मर्जीवर. त्या काळी वृत्तपत्रांतून बदनाम झालेले इटालियन स्थलांतरित त्याचे पहिले बळी ठरले. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात आले तेव्हा हा कायदा अवघा दोन वर्षांचा होता. पुढे शंभर वर्षे त्या शहरात ओळख असलेल्या श्रीमंतांना परवाने मिळत राहिले आणि विनापरवाना बंदुकीच्या खटल्यांत प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुण अडकत राहिले.

डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. जानेवारी १९५६ मध्ये माँटगोमेरी येथील त्यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. घरात पत्नी आणि तान्ही मुलगी होती. किंग यांनी अलाबामाच्या कायद्यानुसार शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. अर्ज फेटाळला गेला. ज्याच्या घरावर बॉम्ब पडला त्याच्याकडे 'पुरेसे कारण' नाही, असे ठरवणारा अधिकारी होता आणि त्याला तसा अधिकार देणारा कायदा होता.

कायद्याचे पुस्तक हातात घेतले तेव्हा

ऑक्टोबर १९६६ मध्ये ऑकलंड येथे ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी स्थापन केली. न्यूटन यांनी कायद्याचा अभ्यास केला होता. भरलेली बंदूक उघडपणे बाळगणे तेव्हा कॅलिफोर्नियात कायदेशीर होते. पँथर्स एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात कायद्याचे पुस्तक घेऊन पोलिसांच्या गाड्यांमागे फिरू लागले, अटक होणाऱ्याला त्याचे हक्क सांगू लागले. गोऱ्यांनी शतकभर वापरलेला हक्क काळ्यांनी वापरताच तो समाजाला धोका ठरला. मलफर्ड यांचे विधेयक आले. २ मे १९६७ रोजी सुमारे ३० पँथर्स सॅक्रामेंटोच्या विधानभवनात सशस्त्र निषेधासाठी गेले, आणि जुलैत गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्या कायद्यावर सही केली. बंदूकहक्काची पाठराखण करणाऱ्या नॅशनल रायफल असोसिएशननेही तेव्हा या बंदीला पाठिंबा दिला होता. आज कॅलिफोर्नियातील नवा बंदूकधारक जे नियम वाचून डोके खाजवतो, त्यांतल्या एका महत्त्वाच्या नियमाचा जन्म असा आहे.

हा इतिहास सांगून बंदूक-लॉबी आज म्हणते की, म्हणून सगळेच नियंत्रण वर्णद्वेषी आहे, सगळे नियम मोडीत काढा. आम्हाला हे मान्य नाही. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत ४८ हजारांहून अधिक माणसे बंदुकीने मेली. त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. खुनांत सर्वाधिक होरपळतात त्या कृष्णवर्णीय वस्त्याच. नियंत्रण हवेच. पण 'कडक कायदा म्हणजे पुरोगामी कायदा' हे भाबडे समीकरणही आम्हाला मान्य नाही. कायदा कडक आहे की सैल, यापेक्षा तो कुणाच्या मर्जीवर चालतो हे आधी विचारले पाहिजे.

२०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसरी घटनादुरुस्ती राज्यांनाही लागू केली. त्या खटल्याचे वादी ओटिस मॅकडोनाल्ड हे शिकागोचे वयोवृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ होते. २०२२ च्या ब्रुएन निकालात न्यू यॉर्कची 'योग्य कारण दाखवा' ही अट रद्द झाली. त्या खटल्यात गरिबांची वकिली करणाऱ्या न्यू यॉर्कच्या कृष्णवर्णीय वकिलांनी अट रद्द करण्याच्या बाजूने निवेदन दिले होते. ते बंदुकीचे भक्त नव्हते. या अटीने कोण तुरुंगात जाते, हे ते रोज न्यायालयात पाहत होते.

आपल्याकडे काय?

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात संकटकाळी शस्त्र हाती घेण्याची मुभा द्विजांना आहे. शूद्रातिशूद्र त्यात नाहीत. भारतात सामाजिक क्रांती का झाली नाही, या प्रश्नाचे उत्तर देताना बाबासाहेबांनी १९३६ च्या आपल्या भाषणग्रंथात दाखवून दिले की, चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना विद्या आणि शस्त्र दोन्ही नाकारून पंगू केले. कोरेगावच्या लढाईत शौर्य गाजवणाऱ्या महारांची सैन्यभरती इंग्रजांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'लढाऊ जाती'च्या थोतांडाखाली बंद केली. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज-विनंत्यांची लढाई केली. 'लायक कोण' हे दुसराच ठरवत होता. म्हणूनच बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले, आणि १९७२ मध्ये मुंबईतल्या आपल्या तरुणांनी पँथरचे नाव घेतले. त्या तरुणांनी नाव घेतले, बेडरपणा घेतला. बंदूक घेतली नाही.

आम्हीही कुणाला बंदूक घ्या म्हणत नाही. कायदा हातात घ्या असे तर मुळीच नाही. कायद्याचे पुस्तक हातात घ्या असे म्हणतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक नियम, १९९५ मधला नियम ३ किती कार्यकर्त्यांनी वाचला आहे? अत्याचारप्रवण म्हणून ठरवलेल्या भागात गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरील व्यक्तींचे शस्त्रपरवाने रद्द करावेत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत, आणि आवश्यक असेल तर अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना त्यांच्या जीवित-वित्ताच्या रक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत, असे त्यात लिहिले आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १४ मध्ये तर स्पष्ट म्हटले आहे की, पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, आणि नकाराची कारणे लेखी नोंदवली पाहिजेत. कलम १८ खाली नकाराविरुद्ध अपिलाची सोय आहे. पण 'गरज वाटल्यास' म्हणजे कुणाला वाटल्यास? इथे मिसिसिपीचे पोलीस मंडळ आणि माँटगोमेरीचा अधिकारी आठवल्याशिवाय राहत नाही.

तेव्हा कुठल्याही देशाचा, कुठल्याही राज्याचा असा कायदा समोर आला की तीन प्रश्न विचारा. निकष लेखी आहेत की कुणाच्या मनात आहेत? नकार दिला तर कारण सांगावे लागते का, आणि दाद कुठे मागायची? आणि कागदावर सर्वांसाठी असलेला हा कायदा प्रत्यक्षात कुणावर वापरला जातो? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कायद्याच्या पुस्तकात मिळतात. तिसऱ्याचे उत्तर तुरुंगात आणि सरकारी फाइलींत मिळते, आणि ते खणून काढावे लागते.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: नियम ३ खाली आपल्या जिल्ह्यात आजवर किती परवाने रद्द झाले, किती शस्त्रे जप्त झाली, अनुसूचित जाती-जमातींच्या किती लोकांचे अर्ज आले, किती मंजूर झाले आणि नाकारलेल्यांची लेखी कारणे काय. जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा झाली पाहिजे, असे याच नियमांत आहे. तिथे हे आकडे पटलावर मागा. आकडे मिळाले नाहीत तर अपील करा, मिळाले तर ते वस्तीत वाचून दाखवा.

जयभीम!